ग्योट्स फॉन बेर्लिशिंगन

ग्योट्स फॉन बेर्लिशिंगन (सुमारे १४८०–१५६२) हा दक्षिण जर्मनीतल्या फ्रँकोनिया भागातला एक छोटा सरदार. मधे कुठला ड्यूक किंवा बिशप न मानता थेट पवित्र रोमन सम्राटाला बांधील असा जो शूरवीरांचा वर्ग होता त्यातला, म्हणजे तोरा मोठा पण पदरी एखादी गढी आणि थोडीशी जमीन. जन्म १४८० चा धरतात, ठिकाण बहुतेकजण याग्स्टहाउझन देतात, काही बेर्लिशिंगन गाव सांगतात, पहिलं जास्त पटतं. किलियनचा हा धाकटा मुलगा, त्यामुळे वाट्याला जमिनीपेक्षा घोडा आणि तलवारच येणार होती.

१४९७ च्या सुमारास तो ब्रांडेनबुर्ग-आन्सबाखच्या मार्कग्राफच्या, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्या सरदाराच्या चाकरीत लागला, पुढच्या वर्षी सम्राट मॅक्सिमिलियनच्या फौजेबरोबर बर्गंडी-लॉरेनकडे गेला आणि १४९९ मध्ये स्विस लोकांविरुद्धच्या लढाईत होता. इथपर्यंत तसा शेकडो स्वारांसारखाच एक.

मग १५०४, बव्हेरियातल्या लांड्सहूटच्या वारसा हक्काचं युद्ध. म्युनिकच्या ड्यूक आल्ब्रेख्तच्या बाजूनं तो लढत होता, आणि लांड्सहूटच्या वेढ्यात उजवा हात गेला. नेमकी तारीख कोणती यावर एकमत नाही, त्याच्याच आत्मकथनातले सणवारांचे उल्लेख नीट जुळत नाहीत, तेव्हा 'उन्हाळ्यात' एवढंच म्हणणं बरं. गंमत अशी की तोफ शत्रूची नव्हती, न्यूर्नबर्गवाल्यांची होती आणि न्यूर्नबर्ग त्याच्याच पक्षाला होतं. तो सांगतो ते असं, की गोळा येऊन तलवारीच्या मुठीच्या टोकावर आपटला, तिचे दोन तुकडे झाले, अर्धा तुकडा चिलखताच्या पट्ट्यांसकट हातात घुसला, हात कातडीला लोंबत राहिला आणि भाला घोड्याच्या पायाशी पडला. म्हणजे थेट गोळ्यानं हात उडाला नाही, त्याच्याच हत्यारानं कापला. पुढचा हिवाळाभर तो लांड्सहूटमध्ये पडून होता, आणि तिथे त्याला आठवला एक जुना स्वार, ज्याला एकच हात होता तरी तो मैदानात उतरायचा.

तुटलेल्या हाताच्या जागी बसवलेल्या त्याच्या लोखंडी हाताबद्दल बोलताना एक घोळ कायम होतो, कारण हात एक नाही, दोन आहेत आणि दोन्ही याग्स्टहाउझनच्या किल्ल्यात ठेवलेत. पहिला साधा, चार बोटं दोन-दोनच्या जोडीनं वाकणारी, तो जखमेनंतर लवकरच केलेला असावा. दुसरा जास्त प्रसिद्ध, बोटांचे सांधे वेगवेगळे वाकतात, वजन दीड किलोच्या आसपास, बनावट बहुतेक अभ्यासक १५३० च्या सुमाराची मानतात. आत दातेरी चक्रं आणि स्प्रिंगा आहेत. बोटं आपणहून हलत नाहीत, डाव्या हातानं किंवा टेबलावर दाबून वाकवायची, खटका अडकला की तशीच राहतात, आणि बटण दाबलं की स्प्रिंगमुळे फटकन सरळ होतात. चामड्याच्या पट्ट्यांनी हे उरलेल्या हाताला बांधायचं. याच हातानं तो तलवार फिरवायचा असं सर्रास लिहिलं जातं, पण रचना बघता लगाम घट्ट धरणं हे खरं काम, तलवार डाव्या हातात असणंच जास्त शक्य दिसतं. ऑफेनबुर्गच्या विद्यापीठात पहिल्या हाताची थ्रीडी प्रिंट केलेली नक्कलही झाली आहे.

बाकी कारकीर्द म्हणजे 'फेहडे', रीतसर पत्र देऊन पुकारलेलं खासगी वैर. १४९५ च्या लांडफ्रीडं नावाच्या कायद्यानं ते बंद झालं होतं, पण कागदावर. रीत ठरलेली, कुणाची तरी थकलेली वसुली आपल्या अंगावर घ्यायची, व्यापाऱ्यांचे तांडे अडवायचे, माणसं पकडायची, खंडणी घ्यायची. कोलोनशी भांडण तर एका श्टुटगार्टच्या शिंप्यासाठी, नेमबाजीचं बक्षीस त्याला दिलं नाही म्हणून! १५१२ मध्ये लाइपझिगच्या जत्रेहून परतणारे व्यापारी फोर्शहाइमजवळ लुटले, त्यावरून मॅक्सिमिलियननं त्याला कायद्याच्या संरक्षणाबाहेर टाकल्याचा हुकूम दिला, तो १४,००० गुल्डन (सोन्याची नाणी) भरल्यावर १५१४ मध्ये उठला. पुढे माइन्झच्या आर्चबिशपशी भांडणात वाल्डेकचा काउंट पकडून जबर रक्कम उकळली, आणि १५१७ मध्ये नेकार नदीवरचा होर्नबर्ग किल्ला ६,५०० गुल्डनला विकत घेतला, म्हणजे धंदा बरा चालला होता.

१५१९ मध्ये व्युर्टेमबर्गच्या ड्यूक उलरिशच्या बाजूनं म्योकम्यूल गाव राखताना स्वाबियन लीगच्या, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या शहरं आणि सरदारांच्या संघाच्या हाती सापडला, हाइलब्रोनला कैदेत गेला आणि १५२२ मध्ये सुटला. हाइलब्रोनमधला 'ग्योट्सेनटुर्म' म्हणजे ग्योट्सचा बुरूज बघायला लोक जातात, पण तिथे तो नव्हताच, त्याला दुसऱ्या बुरुजात एक रात्र ठेवलं आणि मग सराईत हलवलं.

१५२५ च्या शेतकऱ्यांच्या बंडात तो ओडेनवाल्डच्या बंडखोर जमावाचा महिनाभर सरदार होता. जबरदस्तीनं केलं, असं तो म्हणतो. ते पूर्ण खरं मानायला इतिहासकार सहसा तयार होत नाहीत, पण २ जूनच्या क्योनिग्सहोफेनच्या लढाईआधी तो निसटला एवढं खरं. १५२६ मध्ये निर्दोष ठरला, तरी लीगनं १५२८ मध्ये आउग्सबुर्गला बोलावून धरलं, आणि १५३० मध्ये सोडताना त्याच्याकडून अशी शपथ घेतली की होर्नबर्गच्या हद्दीबाहेर रात्र काढायची नाही, घोड्यावर बसायचं नाही. दुसऱ्या हाताची तारीख बरोबर असेल तर तो उत्तम हात घोडेस्वारी बंद असतानाचा आहे.

१५४० मध्ये पाचव्या चार्ल्सनं शपथ माफ केली, १५४२ मध्ये तो तुर्कांविरुद्ध हंगेरीत आणि १५४४ मध्ये फ्रान्सच्या मोहिमेत गेला, वय साठीच्या पुढे. शेवटच्या वर्षांत आठवणी सांगून लिहून घेतल्या, त्या १७३१ मध्ये छापल्या गेल्या, त्यांवरून जर्मन कवी ग्योटेनं १७७३ चं नाटक केलं, आणि त्यात नायक शेतकऱ्यांच्या बंडानंतर लगेचच मारला. खरा ग्योट्स २३ जुलै १५६२ ला होर्नबर्गमध्ये वारला, थडगं श्योन्टालच्या मठात आहे.