पोलंडमधली ऑनलाइन खरेदी

पोलंडमधल्या ऑनलाइन खरेदीबद्दल बोलायचं तर तीन नावं आधी माहीत हवीत, अलेग्रो, पाचकोमात आणि ब्लिक. पहिलं बाजाराचं, दुसरं पार्सल घ्यायचं आणि तिसरं पैसे द्यायचं, आणि तिन्ही पोलंडमध्येच वाढलेली. पावणेचार कोटींच्या आसपास लोकसंख्या, २००४ पासून युरोपियन युनियनमध्ये पण चलन अजून स्वतःचं म्हणजे झ्वोती, शेजारच्या जर्मनीत ॲमेझॉनचा केवढा पसारा, तरी पोलिश माणसाला काही घ्यायचं झालं की तो आधी अलेग्रो उघडतो. गेमियुस या संस्थेच्या २०२३ च्या रिपोर्टमध्ये इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी ७९ टक्के लोक ऑनलाइन खरेदी करतात असं आलं होतं. पण नुसत्या आकड्यावरून फारसं कळत नाही, खरी मजा ते खरेदी कशी करतात यात आहे. कुरियरवाल्याची वाट बघत घरात बसणं त्यांना नको असतं, कार्ड नंबर टाइप करणं नको असतं, आणि चार ठिकाणचे भाव बघितल्याशिवाय पैसे सुटत नाहीत.

बाजारापासून अलेग्रोपर्यंत

कम्युनिस्ट काळात दुकानं रिकामी असायची, मांसाला १९८१ पासून १९८९ पर्यंत रेशन कार्ड होतं, रांगा तर रोजच्याच. १९८९ ला राजवट बदलली आणि लोकांनी रस्त्यावरच दुकानं मांडली, कुणी कॅम्पच्या फोल्डिंग खाटेवर, कुणी पत्र्याच्या टपरीत. वॉर्साचं जुनं मोठं स्टेडियम तर ‘यारमार्क एउरोपा’ नावाचा प्रचंड बाजारच होऊन बसलं होतं, जीन्सपासून कॅसेटपर्यंत सगळं तिथे मिळायचं, आज त्याच जागेवर २०१२ च्या युरो फुटबॉल स्पर्धेसाठी बांधलेलं नॅशनल स्टेडियम आहे. हे सगळं सांगायचं कारण असं की खाजगी माणसाकडून वस्तू घेणं, घासाघीस करणं, स्वतःकडची वस्तू विकायला काढणं याची सवय त्या पिढीला इंटरनेटच्या आधीच लागलेली होती.

अलेग्रो १९९९ मध्ये पोझनान शहरात सुरू झालं, अर्यान बाकर नावाच्या डच उद्योजकाने काढलं, आणि सुरुवातीला ते ईबेसारखं लिलावाचं संकेतस्थळ होतं. खुद्द ईबे पोलंडमध्ये आलं २००५ मध्ये, तोवर विकणारे आणि घेणारे दोघंही अलेग्रोवर जमलेले, त्यामुळे ईबेची डाळ काही शिजली नाही. पुढे लिलाव मागे पडले, ठरलेल्या किमतीत नवीन माल विकणारी हजारो दुकानं आली, मालकही बदलत गेले, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये अलेग्रोचे शेअर वॉर्सा शेअर बाजारात आले तेव्हा तो त्या बाजारातला तोवरचा सगळ्यात मोठा आयपीओ ठरला. ॲमेझॉनची पोलंडमध्ये २०१४ पासून मोठी गोदामं होती, पण ती मुख्यतः जर्मन ग्राहकांसाठी, पोलिश भाषेतलं त्यांचं स्वतंत्र दुकान मार्च २०२१ मध्ये उघडलं.

लिलाव मागे पडले तरी एका ठिकाणी ते अजून जोरात चालतात. दर जानेवारीत ‘ख्रिसमस चॅरिटीचा महान ऑर्केस्ट्रा’ म्हणजे येर्झी ओव्सियाक यांनी सुरू केलेली निधी गोळा करण्याची मोहीम असते, १९९३ पासून चालू आहे, त्या पैशातून हॉस्पिटलांना यंत्रं घेऊन दिली जातात. त्यासाठी खेळाडू, कलाकार, साधी माणसं सगळेच अलेग्रोवर काहीतरी लिलावाला ठेवतात, कुणी जर्सी, कुणी स्वतःसोबत जेवणाची संधी. शॉपिंगच्या साइटला एखाद्या देशाच्या सार्वजनिक आयुष्यात एवढी जागा मिळणं फार क्वचित दिसतं, मला तरी ही गोष्ट मनापासून आवडते.

पाचकोमात

पाचकोमात म्हणजे रस्त्याकडेला उभं असलेलं पार्सलचं लॉकर. पिवळ्या राखाडी रंगाचं, लहान मोठ्या कप्प्यांचं. ऑर्डर देताना आपण घराचा पत्ता न देता जवळचं लॉकर निवडायचं, माल बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी तिथे येतो, मोबाइलवर कोड येतो, जाऊन फोन नंबर आणि कोड टाकला की कप्पा उघडतो, ॲप असेल तर समोर उभं राहून नुसतं बटण दाबलं तरी उघडतो. मुदत ४८ तासांची, वाढवून हवी तर पैसे भरायचे, नाहीतर पार्सल परत विकणाऱ्याकडे. कप्प्यांचे ए, बी, सी असे तीन आकार, सगळ्यांची रुंदी ३८ आणि लांबी ६४ सेंटीमीटर, उंची तेवढी ८, १९ किंवा ४१, आणि वजनाची मर्यादा २५ किलो.

हे सुरू केलं इनपोस्ट कंपनीने, संस्थापक राफाऊ ब्झोस्का. कंपनी २००६ पासून खाजगी टपालात होती, आणि तेव्हा कायदा असा की ५० ग्रॅमच्या आतली पत्रं फक्त सरकारी पोस्टानेच वाटायची. तर इनपोस्टने पाकिटाला धातूची छोटी पट्टी चिकटवून वजन ५० ग्रॅमच्या वर न्यायला सुरुवात केली! २०१३ मध्ये ती मक्तेदारी संपली. पण तोवर, म्हणजे २००९ मध्येच, त्यांनी क्राकूफमधून लॉकर बसवायला घेतले होते. मधली काही वर्षं कंपनीला फार जड गेली, पत्रांचा धंदा बंद करावा लागला, २०१७ मध्ये ॲडव्हेंट इंटरनॅशनल या गुंतवणूकदाराने तिला वॉर्सा शेअर बाजारातून बाहेर काढलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये ती ॲमस्टरडॅमच्या बाजारात परत आली. २०२४ संपता संपता पोलंडमध्ये इनपोस्टचे २५ हजारांच्या आसपास लॉकर होते. शहरात चालत पाच सात मिनिटांवर एक सापडतोच, आणि छोट्या गावातही दुकानाशेजारी किंवा फायर ब्रिगेडच्या इमारतीजवळ एखादा उभा असतो.

हे पोलंडमध्येच इतकं का रुजलं? लोक तंत्रज्ञानाचे फार शौकीन म्हणून असं मला वाटत नाही. दिवसा नवरा बायको दोघं कामावर, राहायला कम्युनिस्ट काळातल्या मोठमोठ्या ब्लॉकमध्ये, कुरियर आला की घरी कुणी नाही, आणि पोस्टाचं पार्सल असलं तर पेटीत चिठ्ठी पडायची, मग ती घेऊन पोस्टात जायचं आणि रांगेत उभं राहायचं. लॉकरने हा सगळा त्रास एकदम संपवला, रात्री अकराला कुत्र्याला फिरवताना पार्सल घेऊन यायचं, कुणाशी बोलायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. वर ते घरपोच कुरियरपेक्षा स्वस्त, कारण एका कुरियरवाल्याला दारोदार हिंडण्याऐवजी एकाच ठिकाणी ढीगभर पार्सलं टाकता येतात. मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा माणसाशी संपर्क न येता पार्सल मिळतंय हे कारण वाढलं आणि जे अजून बिचकत होते तेही लॉकरकडे वळले. आता अलेग्रोचे स्वतःचे हिरवे लॉकर आहेत, ओर्लेन या पेट्रोल कंपनीचे आहेत, डीपीडी या कुरियर कंपनीचे आहेत, काही पार्सलं झाबका नावाच्या कोपऱ्यावरच्या दुकानांतूनही घेता येतात. तक्रारीही आहेत, फूटपाथ अडतो, इमारतीसमोर बेढब दिसतं, डिसेंबरमध्ये लॉकर भरून जातो मग पार्सल दुसरीकडेच जातं.

ब्लिक आणि पैसे

ब्लिक फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालं, सहा बँकांनी एकत्र येऊन उभं केलं. बँकेचं ॲप उघडायचं, सहा आकडी कोड दिसतो, तो दोन मिनिटं चालतो, दुकानाच्या साइटवर टाइप करायचा आणि ॲपमध्ये होय म्हणायचं, झालं. कार्ड नंबर कुठे द्यायलाच लागत नाही. त्याच कोडने एटीएममधून पैसेही निघतात, फोन नंबरवर दुसऱ्याला पाठवताही येतात. आपल्याकडचं यूपीआय २०१६ चं, म्हणजे ब्लिक त्याच्याआधी वर्षभर, पण क्यूआर स्कॅन करायची जी सवय आपल्याला लागली ती तिकडे नाही, तिकडे मुख्यतः ते सहा आकडे. २०२४ मध्ये ब्लिकने सुमारे २४० कोटी व्यवहार झाले. त्याआधी ऑनलाइन पेमेंट म्हणजे मुख्यतः पशेलेवी २४ किंवा पेयूसारख्या सेवेतून थेट बँकेच्या पानावर जाऊन ट्रान्सफर करायचं, ती पद्धत अजूनही आहे. माल हातात आल्यावर रोख देण्याचं प्रमाण मात्र कमी होत गेलंय. आणि ‘आता घ्या, ३० दिवसांनी भरा’ हा प्रकार, पेपो किंवा अलेग्रो पे, विशेषतः कपड्यांसाठी बराच वापरतात, कारण घालून बघून परत करायचं असेल तर पैसे मध्ये अडकत नाहीत.

भावाकडे लक्ष

पोलिश ग्राहक भावाच्या बाबतीत फार चोखंदळ आहे. फ्रीज किंवा फोन घ्यायचा तर त्सेनेओ या साइटवर दुकानांची तुलना करतात, रिव्ह्यू वाचतात, विशेषतः वाईट रिव्ह्यू, आणि मग ठरवतात. डिलिव्हरीचा खर्च वेगळा दिसला की कार्ट तसंच सोडून जाणारे भरपूर, हे ओळखून अलेग्रोने २०१८ मध्ये ‘स्मार्ट’ ही वर्गणी काढली, सुरुवातीला वर्षाला ४९ झ्वोती, आणि ठरावीक रकमेच्या वरची ऑर्डर लॉकरवर फुकट. परिणाम असा की ३२ झ्वोतीची वस्तू हवी असेल तर लोक त्याच विक्रेत्याकडून अजून काहीतरी, बॅटरी, मोजे, कुत्र्याचा खाऊ, उचलून रक्कम पूर्ण करतात.

नोव्हेंबरमधल्या ब्लॅक फ्रायडेला आधी किंमत वाढवून मग सूट दाखवायची दुकानांची खोड होती. १ जानेवारी २०२३ पासून युरोपियन नियमानुसार सूट जाहीर केली की मागच्या ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमतही शेजारी लिहावी लागते, आणि यूओकिक हे ग्राहक संरक्षण कार्यालय त्यावर लक्ष ठेवतं. माझ्या मते हा नियम फारच कामाचा आहे, कारण सूट खरी की खोटी हे आता ग्राहकाला एका ओळीत कळतं. घेतलेला माल १४ दिवसांत कारण न देता परत करायचा हक्क तर सगळ्या युनियनमध्ये आहेच, परत पाठवायलाही पुन्हा तेच लॉकर, बऱ्याच दुकानांत लेबल प्रिंट न करता नुसत्या कोडवर काम होतं.

झेलोना गूरा शहरातल्या एओबुव्हिए या चपला बुटांच्या ऑनलाइन दुकानाने (२००६ मध्ये सुरू) परतावे कमी करण्यासाठी पायाचं थ्रीडी स्कॅनिंग आणलं, एकदा मोजून घेतलं की साइट मापाचेच जोड सुचवते.

रविवार, जुने कपडे आणि किराणा

मार्च २०१८ पासून पोलंडमध्ये रविवारी मोठी दुकानं बंद ठेवायचा कायदा टप्प्याटप्प्याने आला, २०२० पासून वर्षात मोजके सातच रविवार उघडे असायचे, २०२५ पासून आठ. ऑनलाइन दुकानं त्यात येत नाहीत, त्यामुळे रविवारी संध्याकाळी सोफ्यावर बसून ऑर्डर करायची सवय लागली त्याला या कायद्याचाही थोडा हात असावा असं मला वाटतं. ६ डिसेंबरला मुलांना भेटी द्यायचा संत निकोलसचा दिवस, मग ख्रिसमस, असा नोव्हेंबर शेवट ते २० डिसेंबर हा खरेदीचा सगळ्यात धामधुमीचा काळ.

जुन्या वस्तूंचा बाजार वेगळाच मोठा आहे. गाडी, फर्निचर, सायकल ओएलएक्सवर, कपडे व्हिंटेड या मूळच्या लिथुआनियन ॲपवर. मुलाचे लहान झालेले कपडे विकून पुढच्या मापाचे तिथूनच घ्यायचे, हे चक्र कित्येक घरांत चालतं. किराणा मात्र ऑनलाइन फारसा रुळला नाही, वॉर्सात फ्रिस्को आहे, झटपट डिलिव्हरीची ॲप आहेत, पण खाली उतरलं की झाबका आणि पलीकडे बियेद्रोन्का सुपरमार्केट असताना बटाटे टमाटे हाताने निवडूनच घेतले जातात.

फसवणूक

ओएलएक्स किंवा व्हिंटेडवर काही विकायला ठेवलं की व्हॉट्सॲपवर कुणीतरी लिहितो, पैसे भरलेत, ते मिळवायला या लिंकवर कार्ड नंबर टाका, आणि खातं साफ. दुसरा प्रकार, ओळखीच्या माणसाचं फेसबुक अकाउंट हॅक करून त्याच्या नावाने ‘अडचणीत आहे, ब्लिक कोड पाठव’ असा मेसेज. तिसरा, पार्सलचे एक दोन झ्वोती बाकी आहेत असा खोटा एसएमएस. असे एसएमएस ८०८० या नंबरवर फॉरवर्ड करता येतात, तो सेर्त पोल्स्का या सायबर सुरक्षा पथकाकडे जातो.

बाहेरून आलेले

चिनी माल आधी अलीएक्सप्रेसवरून यायचा, महिना महिना लागायचा पण स्वस्त म्हणून लोक थांबायचे. जुलै २०२१ मध्ये २२ युरोपर्यंतच्या आयात पार्सलांना असलेली व्हॅटची सूट गेली तरी ओढा संपला नाही, २०२३ मध्ये टेमू हे स्वस्त चिनी मालाचं ॲप आलं आणि धडाधड पसरलं. सिंगापूरचं शॉपी सप्टेंबर २०२१ मध्ये फुकट डिलिव्हरी आणि कूपनं घेऊन आलं आणि जानेवारी २०२३ मध्ये गाशा गुंडाळून गेलं, आपल्याकडे भारतात तर ते त्याच्याही आधी, मार्च २०२२ मध्येच बंद झालं होतं.

वॉर्सा, क्राकूफ, व्रोत्सवाफ इथे आयटीत किंवा शिक्षणासाठी गेलेल्या मराठी मंडळींनी सुरुवातीलाच एक लक्षात ठेवावं, ब्लिक हवं तर पोलिश बँकेत खातं लागतं आणि लॉकरचा कोड यायला चालू मोबाइल नंबर, तोवर कार्डाने पैसे भरून घरपोच मागवता येतं पण डिलिव्हरी जास्त पडते. तूरडाळ आणि मसाले विकणारी भारतीय दुकानंही ऑनलाइन आहेत. आणि लॉकर निवडताना एक बघून घ्यायचं, नवीन काही लॉकरना स्क्रीनच नसतो, ते फक्त ॲपने उघडतात, त्यामुळे साधा फोन वापरणाऱ्या आईबाबांच्या नावाने तिथे पार्सल मागवू नये. खाली वाकता येत नसेल किंवा व्हीलचेअर असेल तर ॲपमध्ये सोयीच्या उंचीचा कप्पा मागायची सेटिंग आहे, ती आधीच चालू करून ठेवावी.