मुसियाला, जमाल
मुसियाला, जमाल : (२६ फेब्रुवारी २००३ – ). जर्मन व्यावसायिक फुटबॉलपटू आणि बायर्न म्युनिक या क्लबचा आक्रमक मध्यरक्षक. जन्म श्टुटगार्टचा, बालपण फुल्डात. आई जर्मन, वडील नायजेरियन वंशाचे ब्रिटिश. तो सात वर्षांचा असताना आईच्या शिक्षणासाठी कुटुंब इंग्लंडला गेले आणि चेल्सीच्या अकादमीत त्याचा खेळ घडला. २०१९ मध्ये तो बायर्नला आला. इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघातूनही तो खेळला होता. तरी फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याने जर्मनीची निवड केली आणि मार्चमध्ये आइसलंडविरुद्ध पदार्पण केले.

जून २०२० मध्ये फ्रायबुर्गविरुद्ध उतरला तेव्हा तो बुंडेसलिगात (जर्मनीची अव्वल साखळी स्पर्धा) खेळणारा बायर्नचा तोवरचा सर्वांत लहान खेळाडू होता. सप्टेंबरमध्ये शाल्केविरुद्धच्या ८-० विजयात पहिला गोल आला.

त्याचे खरे वैशिष्ट्य गर्दीतले ड्रिबलिंग, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून प्रतिस्पर्ध्यांना चकवत पुढे नेणे. उंची १.८४ मीटर, पाय लांब आणि काटकुळे. चेंडू तो पायापासून लांब जाऊ देत नाही. छोटे छोटे स्पर्श करीत, बचावपटूने वजन एका पायावर टाकले की त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने निसटतो. त्यामुळे नुसत्या वेगाने त्याला अडवता येत नाही. प्रशिक्षक त्याला बहुधा मध्यभागी, थोडे डावीकडे ठेवतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या मधल्या फळीच्या पाठीमागे चेंडू घेऊन तो वळू शकतो. या खेळाची किंमतही आहे : पासला उशीर झाला की दोघे-तिघे त्याला घेरतात, चेंडू जातो किंवा पायावर लाथ बसते.

२७ मे २०२३ रोजी कोलोनमध्ये ८९ व्या मिनिटाला त्याने २-१ असा गोल केला. त्याच वेळी डॉर्टमुंड माइन्झशी बरोबरीत अडकल्याने बुंडेसलिगाचे विजेतेपद गोलफरकाने बायर्नकडे गेले. मायदेशातील युरो २०२४ या युरोपीय देशांच्या स्पर्धेत त्याचे तीन गोल झाले; सर्वाधिक गोलांचा मान सहा जणांत वाटला गेला, त्यांत तो एक. मार्च २०२५ मध्ये इटलीविरुद्ध त्यांचा गोलरक्षक जानलुइजी दोन्नारुम्मा गोल सोडून वाद घालीत असताना सहकारी किमिशने झटपट कॉर्नर घेतला आणि मुसियालाने मोकळ्या जाळ्यात चेंडू टाकला.

काटकुळ्या पायांमुळे सहकाऱ्यांनी त्याला ‘बांबी’ म्हणजे हरिणाचे पाडस म्हटले आणि चाहत्यांनी ते नाव उचलले. जर्मन संघातील सहकारी फ्लोरियान व्हिर्ट्‌झबरोबरच्या जोडीला ‘वुसियाला’ हे जोडनाव मिळाले. मैदानाबाहेर तो शांत, बुद्धिबळाचा शौकीन. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायर्नने करार २०३० पर्यंत वाढवला. ४२ क्रमांकाच्या जर्सीनंतर त्याच वर्षी त्याला १० क्रमांक मिळाला.

५ जुलै २०२५ रोजी अटलांटात क्लब विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात, पॅरिस सँ-जर्मँविरुद्ध, गोलरेषेजवळ चेंडूवर झेपावलेल्या त्याच दोन्नारुम्माशी तो धडकला. डाव्या पायाचे बहिर्जंघास्थी (पोटरीतील बाहेरच्या बाजूचे बारीक हाड) मोडले, घोटाही निखळला. पुनरागमन जानेवारी २०२६ मध्ये झाले.