महापालिकेच्या शाळेत मार्क कमी, म्हणजे शिकवतच नाहीत?

"महापालिकेच्या शाळेत शिकवतच नाहीत, म्हणून पोरांना मार्क कमी" हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. मार्क काही ठिकाणी कमी असतात हे खरंय, पण नुसत्या मार्कांवरून शिकवणं कळत नाही.

आपल्या सोलापुरात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं भरपूर, पूर्व भागातलं असं एखादं पोरगं मराठी शाळेत पहिलीत येतं तेव्हा पुस्तकातली भाषाच त्याला नवी असते, आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर, घरी अभ्यास कोण घेणार? प्रायव्हेटमधलं पोर केजी करून आलेलं, वर ट्यूशन. दोघांचे चौथीचे मार्क शेजारी ठेवले तर फरक घरचा किती अन् शाळेचा किती हे कसं कळणार?

म्हणून तेच पोर पहिलीत कुठं होतं आणि चौथीत कुठं आलं ते बघा, धडा वाचून घ्या, हातच्याची वजाबाकी द्या. यू-डायसच्या (शाळांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) साइटवर शाळेचा पट आणि शिक्षकसंख्या दिसते. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा, तिथं कमी असेल तर जाब जरूर विचारा, शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालकच असतात.