ट्रॉली लहान केली अन् चाकं हवेतच राहिली

आमच्या दारव्ह्याकडं कापूस निघायला लागला की फॅब्रिकेशनच्या दुकानात ट्रॉल्यांची लाइन लागते, मी तिथंच कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करतो. यंदा मालक म्हणाले की काउंटरवर ठेवायला आपल्या ट्रॉलीचं लहान मॉडेल थ्रीडी प्रिंट करू, एकास दहा, म्हणजे ३ मीटरची ट्रॉली ३० सेंटिमीटरची. कामावरच्या पोरानं एकेक पार्ट उघडला, ०.१ चं स्केल मारलं, सेव्ह केलं अन् असेंब्ली, म्हणजे सगळे पार्ट एकत्र जोडलेली फाइल, उघडली तर चाकं, एक्सल, फाळका (ट्रॉलीची मागची उघडणारी बाजू) सगळं इवलंसं झालेलं पण एकमेकांपासून लांब हवेत, अन् अर्ध्या जोडण्या लाल, म्हणजे एरर. "भाऊ, चाकं अशी काहून लटकून राह्यली?"

त्याचं काही चुकलं नव्हतं, असेंब्ली म्हणजे काय हेच कोणी नीट सांगत नाही. असेंब्लीच्या फाइलीत लोखंड नसतं, तिथं फक्त नोंद असते की कोणता पार्ट कुठल्या फाइलीतून आणायचा अन् कुठं बसवायचा. चाक पुढच्या कडेपासून १८०० मिमीवर, ही नोंद आहे, ती चाकाच्या फाइलीत नाहीच, मग चाक लहान झालं तरी १८०० तसंच राहतं. गावातली सगळी घरं आगपेटीएवढी केली पण घराघरातलं अंतर तेवढंच ठेवलं, तर गाव लहान होईल का? म्हणून सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्केल ही कमांड पार्टवर चालते, असेंब्लीवर नाही. नुसतं शोभेचं मॉडेल पाहिजे असेल तर अख्खी असेंब्ली एका पार्टच्या फाइलीत सेव्ह करायची, आत सगळे तुकडे वेगवेगळेच राहतात, अन् एकाच बिंदूभोवती सगळ्यांना मिळून स्केल मारायचं, म्हणजे आकार अन् अंतर दोन्ही सोबत आटतात. जोडण्या मात्र जातात, फाळका मग उघडत नाही.

आम्हाला तर फाळका उघडणाराच पाहिजे होता, अन् खरी गंमत इथंच आहे.

बाजूचा पत्रा ३ मिमी, दहापट लहान केला की ०.३. आमच्या प्रिंटरचं नोजल, म्हणजे प्लास्टिक बाहेर पडायचं तोंड, ०.४ चं, त्यापेक्षा पातळ उभी भिंत काही स्लायसर (मॉडेलचे थर पाडून प्रिंटरला देणारं सॉफ्टवेअर) गाळूनच टाकतात, म्हणजे ट्रॉलीला बाजूच नाहीत. फाळक्याची पिन २० मिमी अन् भोक २१, लहान केल्यावर मधली जागा उरली ०.१, तेवढ्यात प्लास्टिक एकमेकाला चिकटून बसतं. एम १२ चा बोल्ट १.२ मिमीचा होतो अन् त्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.७५ वरून ०.१७५ वर येतो, ते आटे प्रिंटरच्या हातचं काम नाही. म्हणून लांबी, रुंदी, चाकाचा व्यास हे पॅरामीटरमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या बदलत्या मापांत, टाकून दहानं भागले, पण पत्रा १.२, पिन ४ अन् भोक ४.३ असं हातानं लिहिलं, बोल्टच्या जागी नुसत्या टोप्या. स्केल सगळ्यांना सारखं लावायचं नसतं, मशीनला अन् मटेरियलला जेवढं झेपतं तेवढंच लावायचं.

मॉडेल झालं, फाळका खटकन खाली पडला. मालकांनी त्यात ३ किलोचं वजन ठेवलं, चेसिस हललं नाही, तर म्हणाले की मग खऱ्या ट्रॉलीत ३ टन टाकायला काय हरकत? असं का चालत नाही हे गॅलिलिओनं १६३८ मध्येच लिहून ठेवलंय. लांबी दहापट कमी केली की वजन हजारपट कमी होतं पण लोखंडाचा काटछेद फक्त शंभरपट, म्हणजे ३ टनाच्या जागी ३ किलो हे हिशेबानं बरोबर असलं तरी मॉडेलच्या अंगावर ताण येतो खऱ्याच्या दहाव्या हिश्श्याचा. त्यात आपलं मॉडेल प्लास्टिकचं, पत्रा प्रमाणापेक्षा चौपट जाड. हे सगळं मी वजनकाट्याजवळच उभं राहून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, अन् संध्याकाळी आम्ही पूर्ण मापाच्या फाइलीत चेसिसच्या चॅनलचा हिशेब नव्यानं मांडायला बसलो.