देवनागरी डोमेन नाव

संकेतस्थळाचा पत्ता रोमन अक्षरांऐवजी देवनागरीत नोंदवून वापरण्याची व्यवस्था. भारतात यासाठी प्रामुख्याने '.भारत' हा प्रत्यय आहे. भारतातल्या डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या संस्थेने तो २७ ऑगस्ट २०१४ रोजी खुला केला. मराठी, कोंकणी, हिंदी यांसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या अनेक भाषांसाठी तो एकच असल्याने पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या मराठी पाटीला आणि गोव्यातल्या कोंकणी पाटीला सारखाच चालतो. '.कॉम' आणि '.संगठन' हे देवनागरी प्रत्ययही अस्तित्वात आहेत.

डोमेन नावांची यंत्रणा आतून देवनागरी वापरत नाही. ब्राउझर आधी नावाचे रोमन अक्षरे, आकडे आणि जोडरेघ यांत रूपांतर करतो. ही पद्धत २००३ साली ठरली आणि तिला प्युनीकोड म्हणतात. 'भारत'चे रूप होते: एक्स, एन, दोन जोडरेघा, मग एच, २, बी, आर, जे, ९, सी. टिंबांच्या मधल्या प्रत्येक भागाला या रूपात जास्तीत जास्त ६३ चिन्हांची मर्यादा असते. 'सिंधुदुर्ग' वाचताना चार अक्षरे दिसतात, पण काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सुटे धरून संगणक दहा मोजतो. त्यामुळे वाडी, गाव, तालुका आणि धंदा असे सगळे एकाच नावात कोंबू नये.

खरे काम नोंदणीच्या आधी, शुद्धलेखन ठरवताना असते. 'हापूस' आणि 'हापुस' ही दोन वेगळी नावे आहेत. 'आंबा' आणि 'आम्बा' हीदेखील. बागायतदाराने शुद्ध रूप मुख्य ठेवावे, लोक हमखास टाइप करतात ते रूपही घ्यावे आणि ते मुख्य पत्त्याकडे वळवावे. देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे यांचेही दोन वेगळे पत्ते होतात. शब्दांमध्ये मोकळी जागा चालत नाही. जोडरेघ चालते, पण सुरुवातीला किंवा शेवटी नाही.

सर्वात जास्त घोळ 'ऱ्य' करतो, आणि किनाऱ्यावरच्या धंद्यांच्या नावांत तो वारंवार येतो. 'किनाऱ्यावर' हा शब्द 'ऱ' या स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, तसाच साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही. दिसायला दोन्ही सारखे. जुन्या नियमांनी चालणारे सॉफ्टवेअर मात्र ते अदृश्य चिन्ह गाळून टाकते, मग रफार असलेले 'किनार्यावर' उरते आणि पाहुणा भलत्याच पत्त्यावर जातो. म्हणून 'ऱ' चिन्हच वापरावे. 'ॲक्वा', 'ॲग्रो' यांतला 'ॲ' २००८ साली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, एकसंध चिन्ह म्हणून आला. काही कळफलक अजूनही 'अ'वर चंद्र देऊन तो घडवतात. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे जुळवणारी युनिकोडची सामान्यीकरणाची प्रक्रिया या दोहोंना एक करत नाही. नाव ठरवताना शक्य असेल तर ही दोन्ही अक्षरे टाळलेली बरी.

पाटी रंगवणाऱ्याकडून किंवा छापखान्यातून आलेली फाइल नोंदणीच्या चौकटीत थेट चिकटवू नये. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी दिसत असली तरी आत रोमन चिन्हेच असतात. नाव युनिकोड कळफलकावर हाताने टाइप करावे, त्याचे प्युनीकोड रूप काढावे, ते उलट देवनागरीत आणून ताडून पाहावे आणि मगच पैसे भरावेत. चुकीच्या स्पेलिंगने नोंदलेले नाव दुरुस्त होत नाही. ते सोडून नवे घ्यावे लागते.

नोंदणी '.भारत' देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडे होते, मुदत एक ते दहा वर्षे. पुढे नाव संकेतस्थळाच्या सर्व्हरला जोडणे नेहमीसारखेच. फरक इतकाच की सर्व्हरच्या मांडणीत आणि सुरक्षा प्रमाणपत्राच्या अर्जात देवनागरी नव्हे, प्युनीकोड रूप द्यायचे. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था अशा नावांना २०१६पासून मोफत प्रमाणपत्र देते. सर्व्हरवर देवनागरी रूप लिहिले तर नाव उघडते, पण बहुधा होस्टिंगचे कोरे पान किंवा प्रमाणपत्राचा इशारा दिसतो.

एकाच भागात रोमन आणि देवनागरी मिसळले तर क्रोम फसवणुकीच्या शंकेने पत्ता प्युनीकोडमध्ये दाखवतो. म्हणून 'बीच' हा शब्द हवा असेल तर तोही देवनागरीतच लिहावा. पत्त्याच्या चौकटीतून कॉपी केलेला दुवा कित्येकदा त्याच अगम्य रूपात येतो. गिऱ्हाइकांना पाठवण्याचा दुवा म्हणून एकदा नीट टाइप करून जपून ठेवावा, आणि त्याच्या आधी रोमन अक्षरांत 'https://' लिहावे. नाहीतर काही ॲप त्याला दुवा म्हणून ओळखतच नाहीत.

ईमेल ही अजून कच्ची बाजू आहे. देवनागरी ईमेलचे मानक २०१२ साली आले, तरी अनेक फॉर्म असा पत्ता अवैध ठरवतात. मालवण-तारकर्लीच्या घरगुती निवासासाठी आरक्षणाची पत्रे बुडणे परवडणारे नसते. त्यामुळे संकेतस्थळ देवनागरीत असले तरी संपर्काचा ईमेल रोमन डोमेनवर ठेवावा आणि पाटीवर देवनागरी पत्त्याखाली क्यूआर कोड छापावा. परराज्यातल्या पर्यटकाच्या फोनवर मराठी कळफलक बहुतेक वेळा नसतो.