जैविक हृदयझडप आणि मधुमेह

हृदयाची निकामी झडप काढून तिच्या जागी डुकराची महारोहिणी-झडप (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रोहिणीच्या तोंडाची झडप) किंवा गाईगुरांचे हृदयावरण यांपासून तयार केलेली जैविक झडप, म्हणजे रुग्णांच्या बोलण्यातील टिश्यू व्हॉल्व्ह, बसविली असता मधुमेहामुळे शस्त्रक्रियेचे धोके वाढतात, याविषयी एकमत आहे. झडपेचे आयुष्यही त्यामुळे घटते काय, हा मात्र वादाचा प्रश्न आहे.

उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, जखमेतील संसर्ग व मूत्रपिंडांचा बिघाड मधुमेहींत अधिक आढळतो. म्हणून अतिदक्षता विभागात शिरेतून इन्शुलिन देऊन रक्तशर्करा साधारणतः १०० मिलि.मागे १८० मिग्रॅ.च्या आत ठेवतात. दीर्घकालीन मृत्युमानही मधुमेहींत अधिक असते.

जैविक झडप बहुधा १० ते १५ वर्षे टिकते. द्विदल झडपेच्या (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडपेच्या) जागी ती महारोहिणीच्या जागेपेक्षा लवकर झिजते. ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने स्थिर केलेल्या ऊतकातील मृत पेशींचे अवशेष कॅल्शियम धरतात व झडपेच्या पाकळ्या ताठर होतात. कोवळे वय आणि मूत्रपिंडाचा जुना विकार यांमुळे ही क्रिया वेगावते, हे सर्वमान्य आहे. मधुमेहाचा वाटा दाखविणाऱ्यांच्या मते रक्तातील शर्करा कोलॅजन या ऊतकातील तंतुमय प्रथिनाशी जोडली जाऊन पाकळ्यांची लवचीकता घटविते आणि दाहाला वाव देते. उलट काही अभ्यासांत वय व मूत्रपिंडांची स्थिती विचारात घेतल्यावर मधुमेहाचा स्वतंत्र संबंध उरत नाही. यांपैकी जे अभ्यास केवळ पुनर्शस्त्रक्रियेची नोंद धरतात, त्यांत झीज कमी दिसण्याचा संभव असतो, कारण मधुमेही रुग्ण झडप निकामी होण्यापूर्वीच अन्य कारणाने दगावू शकतो किंवा दुसरी शस्त्रक्रिया झेपणार नाही म्हणून ती टाळली जाते. त्यामुळे प्रतिध्वनी-हृल्लेखनाने, म्हणजे इकोने, झडपेवरील सरासरी दाबफरक १० मिमी.ने वाढून २० मिमी. पारा किंवा त्याहून अधिक झाला काय, हे पाहणारी पद्धत अधिक ग्राह्य वाटते.

खानदेशात हा प्रश्न दोन कारणांनी निराळा ठरतो. संधिज्वराने झडप खराब झालेला रुग्ण पुष्कळदा तरुण असतो आणि त्या वयात यांत्रिक झडप, म्हणजे बोलण्यातील धातूची झडप, अधिक टिकाऊ. परंतु तिच्यासाठी रक्त गोठू न देणारे वॉरफरिन हे औषध जन्मभर घेऊन आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या वेगाचा आकडा, वारंवार तपासावा लागतो, जे अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातील सातपुड्याच्या पाड्यांवरून फार अवघड जाते; म्हणून तरुण वयातही जैविक झडपेचा विचार करावा लागतो. दुसरे, नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. या आजारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असल्याने ‘तीन महिन्यांची साखर’, म्हणजे एचबीएवनसी, प्रत्यक्षाहून कमी दिसते; केवळ वाहक असलेल्यांतही काही चाचणीपद्धती चुकीचा आकडा देतात. शस्त्रक्रियेत रक्त दिले असल्यास पुढील काही आठवडे कोणाच्याही बाबतीत हा आकडा भरवशाचा नसतो. अशा वेळी मागील दोन-तीन आठवड्यांची शर्करा दाखविणारी फ्रुक्टोसामीन चाचणी किंवा ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी व जेवणानंतर घेतलेल्या नोंदी यांवरून औषधाची मात्रा ठरविणे इष्ट होय.