क्रेडिट कार्डाचा वेलकम बोनस आणि स्वस्तातला प्रवास

नवं क्रेडिट कार्ड काढलं की बँक सुरुवातीलाच जे पॉइंट, माइल्स (विमान कंपनीचे पॉइंट) नाहीतर व्हाउचर देते तो वेलकम बोनस, आणि त्यावर विमानाचं तिकीट किंवा हॉटेल काढायचं असा हा प्रकार. अट असते, एकतर जॉइनिंग फी भरा किंवा ठरलेल्या मुदतीत अमुक इतका खर्च करा. अमेरिकेत लोक यासाठी एकामागून एक कार्डं काढतात, त्याला चर्निंग म्हणतात, आणि ते एवढं वाढलं की चेस बँक 24 महिन्यांत 5 नवी कार्डं काढलेल्याला सहसा दारातूनच परत पाठवते. आपल्याकडे बोनस तेवढे मोठे नसतात, बऱ्याचदा भरलेली फीच पॉइंट बनून परत येते.

समजा फी 3,000, वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 540, आणि मिळाले 8,000 पॉइंट. तिकिटाला पॉइंट पन्नास पैशांनी गेला तर 4,000 रुपये, म्हणजे सुटले 460. तेच पॉइंट पंचवीस पैशांनी मिक्सरवर घालवले तर सरळ तोटा!

सांगलीत खर्चाची अट आरामात पूर्ण होते ती लग्न निघालेल्या घरात. बस्ता, सोनं, हॉलचं बुकिंग, सगळं एकाच दोन महिन्यांत. पण दुकानदार म्हणाला "कार्डावर दोन टक्के जादा पडतील", की लाखाला 2,000 तिथंच गेले, बोनस कुठं राहिला? त्यापेक्षा विम्याचा हप्ता, कॉलेजची फी असले खर्च बरे, तेही त्या कार्डाच्या अटीत बसतायत का ते आधी बघायचं, कारण पेट्रोल, वॉलेट लोड (मोबाइल वॉलेटमध्ये पैसे भरणं), ईएमआय बऱ्याच ठिकाणी धरतच नाहीत. रुपे कार्ड यूपीआयला जोडून किराणाही भागतो.

तासगावच्या द्राक्षबागायतदाराचं दुखणं वेगळंच. हंगामात लाखांची उलाढाल, पण पगाराची स्लिप नाही, शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही म्हणून बरेच जण रिटर्नही भरत नाहीत, मग बँक कार्ड देईना. एफडी ठेवून त्यावर कार्ड मिळतं, पण त्याला बोनस सहसा किरकोळच.

आणि तिकीट मिळालं तरी सांगलीला विमानतळ कुठाय! जवळचं कोल्हापूरचं उजळाईवाडी, तिथून मोजक्याच शहरांना विमानं, म्हणून बहुतेकांना पुणं गाठावं लागतं, मिरजेहून रेल्वेनं नाहीतर एसटीनं. चौघांचं जाणंयेणं, शिवाय पॉइंटच्या तिकिटावरही रोख भरावे लागणारे टॅक्स, हे सगळं हिशोबात धरायला हवं.

पॉइंट साठवून ठेवण्यात अर्थ नाही, कंपनी दर कधीही बदलते. 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा लोकांचे पॉइंट एअर इंडियाकडे गेले आणि नियमही तिकडचेच लागू झाले.

बिल पूर्ण न भरता मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कमच भरत राहिलं तर महिन्याला साधारण साडेतीन टक्के व्याज, त्यावर परत जीएसटी. तसं करणाऱ्यानं या फंदात पडूच नये. एकदम चार-पाच अर्ज टाकले तर सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जाच्या नोंदींत, बँकांच्या चौकशा दिसतात आणि पुढं घराच्या कर्जाला नडतात.

दुसऱ्या वर्षाची फी लागायच्या आत पॉइंट वापरून कार्ड बंद करता येतं. थकबाकी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमाप्रमाणे बँकेनं 7 कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं, नाहीतर ग्राहकाला रोजचे 500 रुपये द्यायचे.